बेंबळेत सोडलेले देव आणि उकंडामामाचं हाड

उकंडामामा,

तू असतास तरी हे वाचलं नसतंस, मलाच वाचून दाखवायला लावलं असतंस. तेव्हा ऐक.

बाभुळगावच्या जिनिंगमध्ये तू कापसाचे बोजे उचलायचास. बौद्ध धम्माची दीक्षा छप्पन सालीच घेतलीस, पण तुझ्या आईसाठी, म्हणजे माझ्या आजीसाठी, कोनाड्यातले देव कितीतरी वर्षं तसेच राहिले. शेवटी तीच म्हणाली, "ने बाप्पा." ते टोपलीत घालून तू बेंबळा नदीत सोडलेस. त्याच हंगामात तुझ्या जांघेत लिंबाएवढा गोळा आला. उभा राहिलास की बाहेर, आडवा झालास की आत. तुझा धाकटा भाऊ भीमराज राजूरच्या कोळसा खाणीतून आला आणि उंबऱ्यातूनच बोलला, "देव बुडवले ना? भोग आता! ते परत बसवत नाही तोवर या घरचं पाणी पिणार नाही मी." तसाच परत गेला.

तू लंगोट आवळलास आणि कामावर गेलास. पण एकदा मला हळूच विचारलंस, "जया, खरंच माह्यं चुकलं काय वं?"

एवढा दांडगा माणूस, आणि आवाज एवढासा. मला रागच आला. मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात शिकत होते. तुला आणि आजीला ओढत तिथल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तुला बोटांनी चाचपलं. म्हणाले, "जांघेजवळचं हे हाड काही माणसांत जरा खाली असतं. मग वरचे स्नायू तिथवर पुरत नाहीत, फट राहते. ओझ्याचा जोर आला की आतडं त्या फटीतून उतरतं. हे एकच कारण नसतं, पण तुझ्यात मला ते दिसतं. बापाला हे दुखणं होतं का?"

"नाही जी," तू म्हणालास.

"होतं," कोपऱ्यातून आजी. "त्याच्या लंगोटाले मीच घडी शिवून देत होती. पोराइले काय सांगाचं असते ते? अन् रोज सकाळी देवाले आंघोळ घालत होता तुहा बाप."

तू तिच्याकडे बघतच राहिलास. "मंग देवानं त्याले कायले देलं वं माय?"

"हाडानं देलं म्हणून तं सांगून राह्यला डॉक्टर! झोप तिथं, कापू दे त्याले."

आणि तू हसलास. कित्येक महिन्यांनी.

ऑपरेशननंतर आजी तुला लहान पोरासारखा वरणभात भरवत होती. घास तोंडात असतानाच तू मला म्हणालास, "भीमराजही बाच्याच अंगलटीचा हाय. खाणीत ओझे वाहते. त्याले सांगा लागते. तू चाल संगं, ते हाडाचं माह्याच्यानं सांगणं होत नाही. अन् त्याले पाणीही पाजून येऊ आपल्या हातचं."

"जाऊ," मी म्हटलं.

टाके सुकले, मग कापूस आला, मग माझी परीक्षा, मग माझं लग्न. यवतमाळहून वणीची एसटी रोज सुटायची, तिथून राजूर हाकेवर. आपण दोघं तिच्यात कधी बसलोच नाही.