बुधवारी दुपारी एक

मॅचिंगचा रंग ट्यूबलाइटखाली बघायचा नसतो, हे मी पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाला सांगत आले. साडी आणि अस्तराचा तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचं आणि उघड्या उजेडात एकावर एक टाकून बघायचं. ट्यूबखाली एकसारखे वाटणारे रंग बाहेर आले की वेगळे निघतात. माझं दुकान जेवढं आत होतं तेवढंच पायरीवर होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात साड्यांच्या गल्लीत गाळा घेतला. त्याआधी कसबा बावड्यात घरी बसून फॉल-बिडिंग करत होते, पिशवीत अस्तरं भरून दारोदार विकत होते. गाळा कसला, जिन्याखालची जागा. मालकानं भाडं सांगितलं, मी त्याच्या निम्मं सांगितलं आणि उठून चालू लागले. कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा त्यानं हाक मारली. मी लगेच वळले नाही. त्याला आणखी एकदा हाक मारू दिली.

गल्लीचा नियम साधा होता. खेड्यातलं गिऱ्हाईक रविवारी येतं, म्हणून रविवारी दिवसभर दुकानं उघडी. त्याबदल्यात बुधवारी दुपारी एक वाजता सगळी शटरं खाली, ती गुरुवारी सकाळी वर. हा नियम लिहिलेला कुठंच नव्हता, तो आण्णांच्या तोंडात होता. आण्णा म्हणजे माझ्या शेजारच्या साडीच्या दुकानाचे मालक, गल्लीतले सगळ्यांत जुने व्यापारी. एक वाजला की ते स्वतः चक्कर मारत आणि कुणाचं शटर राहिलं असेल तर त्याच्या खालच्या पट्टीवर पाय देऊन ते दाबत. त्यांना उलटून बोलणारा कुणी मी पाहिला नव्हता.

दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. लग्नसराईतल्या एका बुधवारी नेसरीहून एक कुटुंब बस्ता बांधायला आलं. नवरी, तिची आई, आत्या, मामी. आण्णांच्या गादीवर बसून त्यांनी चहा घेतला, साड्यांचा ढीग उपसला आणि बस्ता बांधून होईपर्यंत एक वाजत आला. आण्णांनी हसून निरोप दिला आणि माझ्याकडे बोट केलं. ‘फॉल, अस्तर शेजारी मिळंल.’

एवढं मोठं गिऱ्हाईक माझ्या पायरीवर पहिल्यांदाच आलं होतं. मी तागे काढले. नवरीचा डाळिंबी शालू घेऊन उजेडात उभी होते, अस्तर जवळपास जुळलं होतं. तेवढ्यात आण्णा स्वतःच्या दुकानाला कुलूप घालून आले.

‘बाई, एक वाजला.’

‘आण्णा, गिऱ्हाईक उभं हाय. तुम्हीच पाठवलंय की.’

‘पाठवलं तवा एक वाजला नव्हता.’

‘आवं, त्यास्नी लांब जायाचंय. शालूचं तेवढं जुळवून देते.’

‘आज तुमचा शालू, उद्या आणि कुणाचा शेला. मग नियम कशाला म्हणायचा?’

त्यांनी हात वर करून माझं शटर ओढलं आणि पट्टीवर पाय दिला. तागे आत, मी बाहेर. नवरीची आई शालू माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे बाई, आमच्यापायी भांडू नगासा.’ त्या गेल्या त्या गेल्याच.

मला बंद करायला लावलं याचा राग नव्हता. स्वतःचा बस्ता पुरा बांधून झाल्यावर माझं शटर पाडलं, याचा होता. त्या दिवशी मी बावड्याला चालत गेले. बसमध्ये बसले असते तर कंडक्टरशी भांडले असते. साखर कारखान्याच्या बाजूनं मळीचा वास सुटला तोवर माझं ठरलं होतं. नियम तर नियम. आता मी तो असा पाळीन की आण्णांना माझ्याकडे बोट करायला जागा राहणार नाही. आणि ज्या दिवशी तो त्यांच्या दुकानातून मोडेल, त्या दिवशी शटरवर पाय माझा असेल.

खरं सांगायचं तर पुढं बुधवार मला आवडू लागला. एकच्या सुमाराला शटरांचा खडखडाट गल्लीच्या एका टोकापासून सुरू व्हायचा आणि माझ्यापाशी येऊन संपायचा. मग कापडवाले ओट्यावर कॅरमचा बोर्ड मांडायचे. मी घरी जाऊन ताटातला भात गरम असताना जेवायचे. बाकी सगळे दिवस माझं जेवण डब्यातून, उभ्यानं, एका हातात कात्री धरून व्हायचं.

हा बुधवार एका दिवसात गेला नाही. मोठ्या रस्त्यावर काचेच्या दारांची दुकानं आली, ती कुठल्याच वारी बंद नसायची. आमच्या गल्लीत आधी एखादं शटर अर्धंच खाली येऊ लागलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नेहमीचं गिऱ्हाईक हाय, उठतंयच आता.’ आत कोण किती आहे ते बाहेरच्या चपला सांगत. एका बुधवारी आण्णांच्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग दिसला. तोवर त्यांचा मुलगा दुकान बघायला लागला होता. अर्ध्या शटरखालून ट्यूबलाइटचा उजेड रस्त्यावर पडला होता.

मी माझं कुलूप घातलं, त्यांच्या दारात गेले, शटर ओढलं आणि पट्टीवर पाय दिला. शटर धाडकन खाली गेलं. आत बायका ओरडल्या. मग शटर हातभर उचललं गेलं आणि मुलगा ओणवा होऊन बाहेर आला.

‘आक्का, काय ह्ये?’

‘एक वाजला.’

‘गिऱ्हाईक हाय की आत!’

‘माझं पण हुतं. तुझ्या वडलांस्नी इचार.’

आण्णा आत गादीच्या कोपऱ्यात बसले होते. ते घडी घातलेली साडी मोडून पुन्हा घडी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘जग कुठं चाललंय आक्का,’ मुलगा म्हणाला. ‘आपण बंद ठिवायचं आणि गिऱ्हाईक मोठ्या रस्त्याला घालवायचं व्हय?’

‘माझं गिऱ्हाईक घालवलं तवा जग कुठं हुतं?’

त्यानं शटर पुन्हा हातभर उचललं आणि आत गेला. हळूहळू सगळी गल्ली बुधवारी उघडी राहू लागली. आण्णा गुडघ्यांमुळे घरी बसले. माझा एकटीचा गाळा बंद. नवरा म्हणायचा, ‘उघड की आता. कुणाला दावतीयास?’ मी म्हणायचे, ‘ज्याला कळायचं त्याला कळतंय.’ त्यात माझं नुकसान होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. बुधवारी दुपारी साडी घेतलेली बाई माझ्या कुलपाकडे बघून पुढं जायची. बाकीच्या दिवशी सकाळी तासभर आधी उघडून मी ते भरून काढत होते, पण बुधवार सोडत नव्हते.

मग आण्णांच्या मुलानं शक्कल काढली. स्वतःच्याच दुकानात मॅचिंगचा काउंटर टाकला. दुकान नवं केलं होतं, पुढं काळी काच, वर छताला झगझगीत दिवे. मी दोन दिवस नीट जेवले नाही. साडीवाल्यानंच अस्तर विकलं तर जिन्याखालच्या बाईकडे कोण येणार?

पण त्या दिव्यांत रंग कोण बघणार, हे तो विसरला. साडी विकणाऱ्याला दिवा लागतो, मॅचिंगवालीला ऊन लागतं. काउंटर सुरू झाला त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी एक बाई माझ्या पायरीवर आली. मोरपिशी साडी, आणि अस्तर हिरव्याकडे झुकलेलं.

‘आत तर सेम दिसत हुतं ओ!’

‘आत सगळंच सेम दिसतंय,’ मी म्हटलं आणि ती दोन्ही कापडं तिच्याच हातानं उन्हात धरायला लावली. त्यांच्या दारातून दिसेल असं उभं करून.

पुढं दर गुरुवारी हेच, बुधवारी माझं कुलूप बघून तिथनं घेतलेल्या अस्तराचं. बायका आधी त्यांच्या काउंटरवर भांडून यायच्या, मग माझ्याकडे. शेवटी मुलगा स्वतः आला.

‘आक्का, बुधवारी उघडा. माझा काउंटर काढतो. सगळं गिऱ्हाईक तुमच्याकडं धाडतो.’

‘आणि?’

‘आणि काय?’

‘ह्ये तर माझंच हाय, त्ये मला परत देतोयस. तुझं काय देतोस?’

‘तुमचा बोर्ड आमच्या दारात लावू.’

‘आणि?’

‘आता तुम्हीच सांगा काय पायजे ते.’

‘आण्णांनी ह्या पायरीवर येऊन म्हणायचं, त्या बुधवारी माझं चुकलं. लगेच उघडते.’

त्यानं कपाळाला हात लावला. ‘किती वर्सं झाली त्याला!’

‘म्हणून व्याज सोडलंय. मुद्दल न्हाय सोडत.’

पुढच्या बुधवारी एकला थोडा वेळ असताना गल्लीत रिक्षा थांबली. आण्णा उतरले. हातात काठी, अंगावर परीटघडीचा शर्ट. मुलगा त्याच्या दारात येऊन उभा राहिला, चेहऱ्यावर सौदा जमल्याचं समाधान. मी शटर जमिनीपासून वीतभर वर धरून ठेवलं. इतकी वर्षं जे मागत होते ते मिळालं तर उद्यापासून काय करायचं, हेही डोक्यात येऊन गेलं.

‘बोला आण्णा.’

त्यांनी आधी गल्ली वरपासून खालपर्यंत बघून घेतली. सगळी दुकानं उघडी, दारादारात चपला.

‘पोरगं म्हणालं, मी तुम्हांस्नी काय तरी सांगायचं हाय.’

‘व्हय.’

‘बाई, उघडू नगा.’

‘आण्णा!’ मुलगा तिकडून ओरडला.

‘तू गप ऱ्हा. एकाचं तरी शटर येळंला पडतंय, त्ये पडू दे.’

माझा राग टाळूपर्यंत चढला. ‘आणि त्या दिवसाचं? नेसरीच्या पावण्यांचं?’

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना सगळं आठवत होतं. शालूचा रंगसुद्धा आठवत असेल.

‘त्या दिवशी एक वाजला हुता,’ ते म्हणाले.

मग काठी भिंतीला टेकवून त्यांनी माझ्या शटरच्या पट्टीवर पाय ठेवला. पायात जोर नव्हता. शटर जागचं हललं नाही.

‘पाय काढा आण्णा. मला कुलूप घालायचंय.’

त्यांनी पाय काढला. मी माझा दिला आणि शटर पार खाली दाबलं. आवाज गल्लीभर गेला. एकटाच आवाज, पण पूर्वी सगळ्या गल्लीचा व्हायचा तसाच घुमला. आण्णांनी मान हलवली, काठी घेतली आणि रिक्षात बसले. मी त्यांना हात दिला नाही.

रिक्षा वळल्यावर मुलगा जवळ आला. ‘आक्का, आता?’

‘आता काय? चुकलं म्हणाले का त्ये?’

‘न्हाय.’

‘मग गुरुवारी ये,’ मी म्हटलं, किल्ली कमरेला खोचली आणि बावड्याची बस धरली.