माझ्या नावापुढे क्रियापद नव्हतं

जुलैतला दुसरा शनिवार. सकाळी अकरा. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या संस्थेची तातडीची सभा. हजर सभासद नऊ. चहाचे कप नऊ. खोलीत माणसं मात्र अकरा होती. दहावी मी, इतिवृत्त लिहिणारी क्लार्क. अकराव्या हिराबाई, शाळेच्या मावशी. त्या दाराजवळ उभ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

विषय एकच होता. बुधवारी मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्याचा कठडा निसटला. दुसरीतली एक मुलगी सात पायऱ्या खाली पडली. हात दोन ठिकाणी मोडला. त्या जिन्यावर हिराबाईंची ड्युटी होती.

अध्यक्षांनी विचारलं, "कठडा हलतो हे तुला माहीत होतं का?"

हिराबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाल्या, "मी जाहीर सांगते साहेब. कठडा हलतोय म्हणून मी हपिसात तीन वेळा येऊन सांगितलं. कोणाच्या पण समोर सांगेन."

त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. अहवाल सोमवारी शिक्षण खात्याला जायचा होता, म्हणून सभासद चहा पिईपर्यंत मी इंग्रजी मसुदा तयार केला. आमचं इतिवृत्त इंग्रजीत असतं. पहिल्या वहीपासून तसंच आहे. सभेत मी कच्ची टिपणं मराठीत काढते. टिपणात सगळ्यांना एकच क्रियापद असतं. अध्यक्ष म्हणाले. डॉक्टर म्हणाले. शिपाई म्हणाला. मग पक्क्या वहीत इंग्रजी करताना प्रत्येकाला वेगळं क्रियापद लावते.

मी उभी राहून मसुदा वाचला. "श्रीमती हिराबाई डिक्लेअर्ड दॅट..."

अध्यक्षांनी हात वर केला. "थांबा, थांबा. काय? परत वाचा."

मी परत वाचलं. डिक्लेअर्ड. बाई जाहीर सांगते म्हणाल्या होत्या. जाहीर म्हणजे डिक्लेअर. मला त्यात काही चुकलेलं दिसत नव्हतं.

"अहो, डिक्लेअर सरकार करतं. युद्ध डिक्लेअर करतात, निकाल डिक्लेअर होतो. आपली मावशी डिक्लेअर करते?"

हसू फुटलं. सभासदांपैकी एक डॉक्टर होते, ते म्हणाले, "उद्या शिपाई प्रोक्लेम करेल." परत हसू. एकाने कप खाली ठेवून डोळे पुसले.

अध्यक्ष चांगलं मराठी बोलतात, चांगलं इंग्रजी बोलतात. आवाज कधी चढत नाही. माझ्या नेमणुकीच्या वेळी त्यांनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं, तेव्हाही आवाज असाच मऊ होता. ते म्हणाले, "मराठी मीडियमचं हेच होतं बघा. अर्थ कळतो, पायरी कळत नाही. लिहा, ॲडमिटेड. हिराबाई ॲडमिटेड दॅट शी न्यू द रेलिंग वॉज लूज. तीनदा वगैरे काही नको. ते सिद्ध कुठे झालंय?"

ॲडमिटेड म्हणजे कबूल केलं. गुन्हा कबूल करतात तसं. कठडा सैल आहे हे आपल्याला माहीत होतं, असं मावशीने कबूल केलं.

मी डिक्लेअर्ड खोडलं. माझ्याच पेनाने. वर ॲडमिटेड लिहिलं. कान गरम झाले होते. अक्षर मात्र नीट आलं. माझं अक्षर नेहमी नीट येतं.

बाहेर आले तर हिराबाई उठून उभ्या राहिल्या. "ताई, मी बोलले तसंच लिवलंस ना?"

"हो मावशी."

खोटं बोलले. अध्यक्षांनी नव्हतं सांगितलं खोटं बोलायला. तेवढं मी आपणहून केलं.

पायरी हा शब्द मला नवा नव्हता. मी खडवलीची. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन. आठवीत इंग्रजीचे सर रिपोर्टेड स्पीच शिकवायचे. नियम फळ्यावर होता. मोठा माणूस लहानाशी बोलला तर ऑर्डर्ड. लहान माणूस मोठ्याशी बोलला तर रिक्वेस्टेड. एक दिवस सरांनी मला उभं केलं. "हिचे वडील रेल्वेत कामाला आहेत. ते साहेबाला म्हणाले, गिव्ह मी लीव्ह. सांग, काय होईल?"

मी म्हटलं, "टोल्ड, सर."

वर्ग हसला. सर म्हणाले, "तुझा बाप साहेबाला टोल्ड करणार? बेग्ड. ही बेग्ड. भीक मागितल्यासारखं. दहा वेळा लिही."

मी दहा वेळा लिहिलं. त्या महिन्यात आप्पांनी खरंच रजा मागितली होती, आईच्या ऑपरेशनसाठी. मी तेव्हा त्यांच्या शेजारी उभी होते. आप्पा म्हणाले होते, "साहेब, सोमवारपासून चार दिवस येणार नाही." भीक नव्हती. हात जोडलेले नव्हते. हे मला माहीत होतं आणि तरी वहीत दहा वेळा बेग्ड होतं. अक्षर नीट.

मग मी तो नियम पाठच केला. त्याच्यावर नोकरी मिळवली. अकरा वर्षं इतिवृत्त लिहिलं आणि इंग्रजी चांगलं आहे म्हणून शाबासकीही घेतली.

मंगळवारी हिराबाई एक पाकीट घेऊन ऑफिसच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. "ताई, यात काय लिवलंय ते सांग."

निलंबनाचं पत्र होतं. इंग्रजीत. ते दुसऱ्या टेबलावर टाईप झालं होतं, पण त्यातलं वाक्य माझं होतं. मी वाचून मराठीत सांगितलं. "तुम्ही सभेत कबूल केलंत की कठडा सैल आहे हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून चौकशी पुरी होईपर्यंत कामावरून बंद."

"माहीत होतं म्हणून तर सांगितलं ना!" त्या म्हणाल्या. मग, "कबूल? मी काय चोरी केली कबूल करायला? कोणी लिवलं हे?"

टेबलावर पंखा फिरत होता. पत्राचं टोक फडफडत होतं. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"मी."

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पत्र चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि गेल्या. एकोणीस वर्षं त्या फाटकातून त्या सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायच्या. त्या दिवशी दुपारी सव्वाबारालाच गेल्या.

बुधवारपासून तीन दिवस मी डबा उघडला नाही. मधल्या सुट्टीत कपाटातून माझ्या अकरा वर्षांतल्या इतिवृत्ताच्या तिन्ही वह्या काढल्या आणि मोजायला बसले. मला मोजल्याशिवाय काही पटत नाही. पट्टीने रकाने आखले. माणूस आणि क्रियापद. सगळं माझंच अक्षर.

अध्यक्ष. अनाउन्स्ड एकेचाळीस वेळा, डायरेक्टेड सदुसष्ट वेळा, डिक्लेअर्ड बारा वेळा. स्नेहसंमेलनाला जेवण गरम असेल, हेही एकदा त्यांनी डिक्लेअर केलं होतं. शिपाई आणि मावशा सगळे मिळून. रिक्वेस्टेड तेहतीस, ॲडमिटेड एकोणीस, कम्प्लेन्ड चौदा, अलेज्ड आठ. अलेज्ड म्हणजे नुसता आरोप, खरं असेलच असं नाही. एकदा शिपायाने टाकीत उंदीर मेलाय म्हणून सांगितलं होतं. उंदीर मी स्वतः पाहिला होता. वहीत शिपाई अलेज्ड.

साधं सेड, म्हणजे म्हणाला, म्हणाली, हे कोणालाच नव्हतं.

मग मी माझं नाव मोजलं. एकशे सव्वीस वेळा. प्रत्येक सभेच्या वर, हजर माणसांच्या यादीत, सगळ्यात शेवटी. नाव, पुढे स्वल्पविराम आणि क्लार्क. क्रियापद एकही नाही. अकरा वर्षांत मी एकदाही काही म्हटलं नव्हतं. रिक्वेस्ट नाही, कम्प्लेन नाही. मावशांना निदान अलेज्ड तरी होतं.

घरी कोणाला सांगणार? कल्याणला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मी एकटी. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नोकरीला पुण्याला. फोनवर ती म्हणाली, "आई, तुझी चार वर्षं राहिलीत. शांत बस ना गं." तिचं चूक नव्हतं. मी फोन ठेवला आणि भांडी घासली. त्या घरात नळाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

शुक्रवारी तिसऱ्या वहीत, पान अठ्ठ्याऐंशीवर, फेब्रुवारीची सभा सापडली. मावशीने, म्हणजे हिराबाईंनी, जिन्याचा कठडा सैल असल्याची तक्रार केली, कम्प्लेन्ड. ऑफिसने नोंद घेतली, नोटेड. पुढचं वाक्य असं की सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम झाल्यावर हे काम हाती घेऊ, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. द चेअरमन अनाउन्स्ड.

मीच लिहिलं होतं. लिहिताना वाचलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी परत सभा. हजर नऊ. विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. अध्यक्ष म्हणाले, "कायम?" सगळे "कायम" म्हणणार एवढ्यात मी उभी राहिले. टेबलाला पोट टेकवलं.

"सर, एक दुरुस्ती आहे."

"स्पेलिंग?"

"क्रियापद. ॲडमिटेड नाही. सेड. हिराबाई म्हणाल्या, की त्यांनी तीन वेळा ऑफिसात सांगितलं. फेब्रुवारीचं एक सांगणं वहीतच आहे. वही तिसरी, पान अठ्ठ्याऐंशी. काम नंतर करू म्हणून तुम्ही तिथे अनाउन्स केलंय, सर."

कोणी हसलं नाही. डॉक्टर मोबाईलमध्ये बघायला लागले.

"अहो बाई," अध्यक्ष म्हणाले, आवाज तसाच मऊ, "तुम्ही सभासद नाही आहात. तुम्ही इथे लिहायला आहात. म्हणायला नाही."

"मग लिहिते," मी म्हटलं.

आणि बसून लिहिलं. उघड्या वहीत, त्याच पानावर. माझं पूर्ण नाव. पुढे, सेड. पुढे, वर बोलले ते सगळं. तीन ओळी. अक्षर वाकडं आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"खोडा ते."

"नाही."

"मी सांगतोय, खोडा."

"सर, मी खोडणार नाही." पेनाला टोपण लावलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी स्वतः खोडलं. तीन आडव्या रेघा मारल्या आणि बाजूला सही केली. इतिवृत्ताच्या वहीत पांढरा रंग लावता येत नाही, पान फाडता येत नाही, पानांना नंबर असतात. खोडलेलं वाचता येतं. मी सगळ्यांसमोर मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला. पान अठ्ठ्याऐंशीचा आदल्या दिवशीच घेतला होता.

सोमवारी माझी बदली ग्रंथालयात झाली. ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावर चार कपाटं आणि एक बंद खिडकी. स्टाफरूममध्ये डबा घेऊन गेले की गप्पा थांबतात. एक बाई हळूच म्हणाल्या, "बरोबर केलंस गं," आणि लगेच दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या. आता मी कपाटांमध्येच जेवते. एकटी. पंधरा मिनिटं लागतात.

एका रविवारी मी कोपरला हिराबाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, पण दारातच उभ्या राहिल्या.

"परत लिवायला आलीस?"

"नाही मावशी. ठाण्याला कामगार न्यायालयात तुमचं म्हणणं द्यायचं. तुम्ही बोलायचं. मी माझं वेगळं देणार."

त्या म्हणाल्या, "माफी मागायला नाही आलीस?"

"माफी मागून तुमची नोकरी येणार नाही."

"ते खरं," त्या म्हणाल्या. पाणी विचारलं नाही. चप्पल मात्र घातली आणि वकील गाठायला माझ्याबरोबर खाली उतरल्या.

ठाण्याला कोर्टाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. दोन दिवसांनी वकिलाने लिहून दिलेला कच्चा कागद आम्ही एकाला दिला. त्याने बोटं मोडली आणि मान वर न करता विचारलं, "बोला मावशी, नाव?"

हिराबाईंनी नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि असं लिव, मी जाहीर सांगते."

"ते आहेच त्यात. डिक्लेअर. प्रतिज्ञापत्राचा फॉर्मच तसा असतो. आय डू हिअरबाय सॉलेमनली डिक्लेअर."

"सगळ्यांना तेच?"

"सगळ्यांना तेच. तुम्ही या, नाहीतर मंत्री येऊ दे."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. "ऐकलंस?" एवढंच म्हणाल्या.

ऐकलं.

मग माझा कागद. माझं नाव, वय चौपन्न, राहणार कल्याण. डिक्लेअर होतंच. टायपिस्टला म्हटलं, चौथ्या परिच्छेदात ॲडमिट घाला. सभेत हिराबाई असं म्हणाल्या नव्हत्या, तरी मी तसं लिहिलं, हे मी कबूल करते. तो म्हणाला, "मॅडम, ॲडमिट कशाला? स्वतःच्या अंगावर येईल. स्टेट, म्हणजे नमूद करते, टाकू का?"

"नको. या गोष्टीत ते क्रियापद एकाच जागी बरोबर आहे. तिथेच टाका."

तारीख लागली की मी उभी राहणार आहे आणि तो कागद मोठ्याने वाचणार आहे. नोकरी गेली तर जाईल. एक शब्द कोणाला बदलू देणार नाही. न्यायाधीशांनाही नाही.

टायपिस्टला पानाला ऐंशी रुपये. हिराबाईंच्या पानाचे मी काढले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या बटव्यातून दिले. माझ्या पानाचे मी दिले.