क्लोरो आधी की ब्रोमो

महिन्यापूर्वी दादाचा फोन आला. "वहिनी गेली गं तुझी," एवढंच म्हणाला. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्याहून माहेरी, कोडोलीला येताना वाटभर मला एकच संध्याकाळ आठवत होती...

वहिनी गगनबावड्याकडची. बारावी सायन्सला रसायनशास्त्रात नापास झाली आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी सून म्हणून आली. पाच-सहा वर्षांनी मी बारावीला गेले. संध्याकाळी भाकरी करताना ती मला शेजारी बसवून मोठ्यानं वाचायला लावायची. त्या दिवशी हॅलोजनच्या संयुगांना नावं द्यायचा धडा होता. चार कार्बनची साखळी, मधल्या दोन कार्बनांपैकी एकावर क्लोरीन, दुसऱ्यावर ब्रोमीन. वहिनीनं परातीतल्या पिठात बोटानं साखळी काढली आणि म्हणाली, "टू-क्लोरो-थ्री-ब्रोमोब्युटेन."

"चुकलं. दोन्हीकडनं आकडे सारखेच येतात, तेव्हा वर्णमालेत जे आधी त्याला लहान आकडा."

"मग क्लोरोच आधी की, वन्सं. क, ख, ग... ब किती लांब हाय."

मी पोट धरून हसले. वहिनी हसली नाही. परातीतलं पीठ सारखं करत हळूच म्हणाली, "आमचं सर मराठीतनं सांगायचं. वर्णानुक्रमानं लावा म्हणायचं. परीक्षेत सगळी नावं मी अशीच लावलीती. एबीसीडी धरायची, हे मला कुणी सांगितलंच न्हाय."

मला फार लाज वाटली. त्या रात्री जेवताना मीच विषय काढला, वहिनीनं परत परीक्षेला बसावं म्हणून. दादा म्हणाला, "आता पास होऊन कुठं जायचंय तिला?" आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "जायाला कशाला पायजे? बसू दे की. भाकरीचं मी बघते."

त्या वर्षी आम्ही दोघीही पास झालो. रसायनात तिला माझ्यापेक्षा पाच गुण जास्त पडले. तिनं गुणपत्रिका आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद थोडा वेळ मांडीवर धरला आणि पदरानं पुसून परत दिला.

पुढं वहिनी बाहेरून बीए झाली, पण शिकवायला घेतलं ते रसायनच. घरच्या सोप्यात गावातल्या मुली यायच्या. मी त्या वर्गात कधी बसले नव्हते.

दिवसकार्य झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुली नेहमीच्या वेळेला आल्या आणि ओळीनं बसल्या. त्यांना परत जा म्हणायचं कुणाला सुचेना. शेवटी मीच खडू घेतला. एकीनं फळ्यावर चुकीचं नाव लिहिलं. मी ते पुसून बरोबर उत्तर लिहायला लागले, तशी ती म्हणाली, "काकी आधी पुसत नव्हत्या. असं का लिवलंस, ते विचारायच्या."

मी डस्टर खाली ठेवलं. "सांग," म्हटलं, आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसले.