औषधाचा वास

वडगाव रासाईत कांद्यावर फवारायचं औषध माझे चुलते, आप्पा, आधी हुंगून बघत. वास नाकात बसला, की मात्रा बरोबर, असा त्यांचा अंदाज. त्या दुपारी तिसरा पंप भरताना त्यांना वास येईना. वासाने नाकच बधिर झालं होतं. "औषधात दम न्हाई," म्हणत त्यांनी आणखी दोन झाकणं ओतली.

पाचव्या पंपाला त्यांनी विचारलं, "आभाळ आलंय व्हय रं?"

ऊन रणरणत होतं. "आप्पा, सकाळीच घेतली का?" मी बांधावरून ओरडलो. खुरपणाऱ्या बायका हसल्या. आप्पा पुढच्या वाफ्यात गेले आणि तासाभराने तिथेच कोसळले.

रात्री ते वारले. डॉक्टर म्हणाले, "विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंधारल्यासारखं वाटतं. तेव्हाच आणलं असतं, तर वाचले असते."