भासऱ्यापुढे आवाज

नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. आमच्याकडे धाकट्या सुनेने त्याला तोंड दाखवायचे नाही, त्याच्या कानी आवाज पडू द्यायचा नाही. लग्नाला सहा वर्षे झाली, एकाच चुलीचे खाल्ले, पण आमच्यात एक शब्द झाला नव्हता. ते दारात खाकरले की मी धानाच्या कोठीमागे. भात करपला तरी तिथेच उभी. काही सांगायचे झाले की आमची चार वर्षांची पोर मध्ये. ते तिला सांगणार, ती मला सांगणार, मी तिच्या कानात कुजबुजणार. कसला हा पोरखेळ, असे वाटून जीव गुदमरायचा.

एका पावसाळ्यात पोरीला हिवताप झाला. नवरा कामाला वडशाला, म्हणून भासरेच आम्हाला एसटीने गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारले, आधी काही गोळ्या दिल्या का? भासऱ्यांनी ठामपणे नाही म्हटले. दिल्या होत्या. सकाळीच गावातल्या आरोग्यसेवकाकडून आणून मी पाजल्या होत्या, तेव्हा ते शेतावर होते. डॉक्टर नाव घेत त्याच गोळ्या पुन्हा लिहू लागले; दुप्पट झाल्या तर एवढ्याशा पोरीला झेपणार नव्हत्या. मी पदराआडून पोरीला हलवले. आमच्यातली बोलणारी तीच एक, आणि ती माझ्या मांडीवर तापाने निपचित. मला माझाच भयंकर राग आला. पोर जाते की राहते, आणि मी पदर सावरत बसलेय.

"डॉक्टरसाहेब, देल्या गोळ्या. सकाळी मीच पाजल्या."

आवाज जरा मोठाच निघाला. डॉक्टरांनी लिहिलेले खोडले. भासरे उठून बाहेर गेले. परतताना एसटीत पुढच्या सीटवर बसले, एकदाही वळून पाहिले नाही. मी मात्र, खोटे कशाला सांगू, खूश होते. सुटले एकदाची, असे वाटत होते.

पोर बरी झाली. दोन-चार दिवसांनी दारात खाकरणे ऐकू आले. मी मुद्दाम चुलीपासून हलले नाही. ते माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसले, पोरीला जवळ घेतले.

"तुया मायले सांग, दवाखान्यात मी काई आयकलो नाई."

म्हणजे मला माफ केले होते, आणि मी सुटलेही नव्हते. पोर चार पावले धावत आली आणि तिने शब्दन् शब्द मला सांगितला. मी तिचे ऐकून घेतले, उठले आणि कोठीमागे जाऊन उभी राहिले.