वेंडेलच्या वाट्याला जॉन्सन

हॅडली क्रीकमध्ये वेंडेल स्ट्राउडचं नाव निघालं की लोकांना आधी भट्टी आठवे आणि मग लिंकन. हिवाळ्यात कुणाच्या तळघरातली घर तापवायची भट्टी विझली की वेंडेल दुरुस्तीला येई, आत डोकं घाली आणि तिथूनच लिंकनपुराण सुरू करी. घर तापेपर्यंत ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसे. लग्न त्यानं केलं नाही. "लिंकनशीच लागलंय त्याचं," असं त्याची बहीण लव्हॉन म्हणे आणि दर रविवारी त्याला जेवायला बोलवे.

फेब्रुवारीत गाव चर्चच्या तळघरात जमे. प्रत्येक घरून एकेक पदार्थ येई, आणि जेवणं झाली की युद्धकाळातल्या दोन राष्ट्राध्यक्षांची तुलना होई. एक लिंकन, ते ठरलेलंच. लिंकनच्याच इलिनॉयमध्ये दुसरं काय होणार? त्याच्यासमोर कोण आणि कुणाची बाजू कुणी मांडायची, ते महिनाभर आधी टोपीतून काढलेल्या चिठ्ठ्यांवर. शेवटी प्रत्येकानं घेवड्याचा एक दाणा पटेल त्याच्या बरणीत टाकायचा. चिठ्ठी मनासारखी आली नाही तर ॲपल पाय भाजून द्यायचा आणि बदलून घ्यायची. वेंडेल दरवर्षी पाय भाजे आणि लिंकनवर बोले. पाय चवदार व्हायचा, भाषण लांबायचं.

त्या वर्षी त्याच्या चिठ्ठीत लिंडन जॉन्सन निघाला. वेंडेलचा धाकटा भाऊ लायल जॉन्सनच्याच कारकिर्दीत व्हिएतनामला गेला होता आणि शवपेटीतून परत आला होता. स्ट्राउडांच्या घरात हे नाव कुणी घेत नसे.

वाचनालयातल्या बर्निसकडे लिंकन आला होता. ती हळूच म्हणाली, "पाय राहू दे रे. नुसतीच बदलू."

"नको," वेंडेल म्हणाला.

लव्हॉननं त्याला गाडीपाशी गाठलं. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? त्या माणसाची बाजू घेणार तू?"

"लिंकननंही पोरंच पाठवली होती, लव्हॉन. त्याचे मी गोडवे गातो आणि याला शिव्या घालतो. का, ते एकदा बघायचंय मला."

"बघ की. पण त्याच्याबद्दल एक बरा शब्द काढलास, तर रविवारी माझ्या दारात येऊ नकोस."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लायलला तिनंच कडेवर वाढवलं होतं.

सभेच्या दिवशी ती शेवटच्या रांगेत कोट न काढताच बसली. वेंडेल उभा राहिला. एरवी हात नाचवून बोलणारा माणूस, पण आज खुर्चीची पाठ धरून होता.

"लिंकनच्याही चुका झाल्या," तो म्हणाला. "सेनापती बदलत राहिला, आणि तोवर पोरं मरत राहिली. पण ती कशासाठी मेली, हे त्याला आयांना सांगता आलं. जॉन्सनला ते कधीच सांगता आलं नाही. लोकांना त्यानं खरं काय ते सांगितलं नाही. हा दोघांतला फरक, आणि तो लहान नाही. बातमी काय येते म्हणून लिंकन तारघरात जाऊन बसायचा. जॉन्सन रात्री-अपरात्री विचारायचा, विमानं परत आली का, किती गेले. हे मी आता वाचलं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तो बिछान्यात घोरत पडला असेल. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तो जागा होता, आणि जागा राहूनही पोरं पाठवतच राहिला. जागरण केलं म्हणून मी त्याला माफ करत नाही. तो झोपला नव्हता, एवढंच सांगायला उभा राहिलो."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठून बरण्यांकडे गेले. लिंकनची बरणी भरली. वेंडेलनंही आपला दाणा तिच्यातच टाकला. जॉन्सनची रिकामी राहिली, आणि ते रास्तच होतं.

वेंडेल कोट चढवत असताना लव्हॉन शेजारी येऊन उभी राहिली.

"खरंच झोपत नव्हता?"

"पुष्कळदा नाही."

"आईही झोपायची नाही," ती म्हणाली. "ताटं घासलेली असली तरी पुन्हा घासत बसायची." मग तिनं बरण्यांकडे एकदा पाहिलं. "रविवारी ये. बटाटे तू सोल."

तिच्या मुठीत अजून दाणा होता. तिनं तो वेंडेलच्या कोटाच्या खिशात टाकला.

"त्याला नाही हा," ती म्हणाली. "तुला."