पुस्तकांच्या पेटीतलं अकरावं नाव

"तुझं नाव शेवटी घाल. पेटी महाराच्या घरून निघाली की पुढे कुणाच्या दारात जाता कामा नये."

वकीलसाहेब झोपाळ्यावरून म्हणाले. बाकीचे पदवीधर ओटीवर, सतरंजीवर. मी खाली अंगणात, कागद गुडघ्यावर धरून. अकरा नावं. अकरावं माझं. मीच लिहिलं.

"नाव खाली गेलं म्हणून पदवी खाली जात नाही रे," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून वाटते.

शिक्षण पदवीपाशी थांबू नये, म्हणून आमचं मुंबईचं कॉलेज जुन्या विद्यार्थ्यांसाठी दर तिमाहीला पुस्तकांची पेटी पाठवायचं. रेवसच्या बोटीनं ती अलिबागला यायची. एकेकाच्या घरी आठवडाभर राहायची, मग पुढच्याकडे. यादी ठेवायचं काम माझं, कारण मी कचेरीत हंगामी कारकून आणि अक्षर चांगलं. पेटीत कायद्याची पुस्तकं असत. मला वकिलीच्या परीक्षेला बसायचं होतं. ती पुस्तकं मला दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हती.

वरचे दहाजण पेटी जास्त दिवस ठेवत. माझ्याकडे ती एका दिवसासाठी येई. दुसऱ्या दिवशी परतीची बोट. दोन वर्षं असंच चाललं. मी कुणाला काही बोललो नाही. वकीलसाहेबांचा एक शब्द कचेरीतल्या साहेबाच्या कानावर गेला असता, तर नोकरी संपली असती.

बायको माझ्याकडूनच अक्षरं शिकली. एकदा यादीतली पदवीची सालं वाचून म्हणाली, "तुमी तर यांच्या आधी पास झालाव. मग तुमचं नाव खाली का?"

"तशी रीत आहे."

"लिवलं कोणी?"

मी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या तिमाहीला कॉलेजचं छापील पत्र आलं. यादी पदवीच्या सालाप्रमाणे हवी. मी चौथा. वकीलसाहेब पाचवे. ते माझ्याच वर्गातले, पण एकदा नापास झालेले.

मी यादी नव्यानं लिहिली आणि त्यांच्या अंगणात गेलो. सगळ्यांच्या वतीनं यादीवर सही त्यांची लागे; ते न बघताच सही करायला लागले.

"क्रम बदललाय. वाचून सही करा."

त्यांनी वाचलं. टाक खाली ठेवला.

"नोकरी कायम झाली का रे तुझी?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "यादी हीच राहील."

त्यांनी सही केली नाही. मी बिनसहीची यादी घेऊन सरळ टपाल कचेरीत गेलो. लखोटा टपालपेटीत टाकताना आजूबाजूला दोनदा पाहिलं.

तेव्हापासून साहेबानं बोलावलं, की आता काढून टाकणार असंच वाटतं. कॉलेजचं उत्तर अजून नाही. येईपर्यंत मी दर महिन्याच्या एक तारखेला, पेटी सालाच्या क्रमानंच फिरवा, असं पत्र लिहिणार. प्रत्येकाची नक्कल ठेवणार. नोकरी गेली तर पत्रावरचा माझा पत्ता बदलेल. मागणी तीच राहील.